आजाऱ्याचे ताट आणि प्राप्तिकर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास, वाङ्मय, संतविचार असे विषय ऐकण्याची आपणां सर्वांना सवय आहे. आम्ही आज इन्कम टॅक्सवर बोलणार आहोत, आणि तेही आजारी माणसाच्या जेवणाच्या संबंधात. विषय जाहीर झाल्यापासून चार-दोन मित्र विचारून गेले की, 'अहो, एवढ्या उकाड्यात लोकांना हे कशाला?' न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ते स्वतः अर्थशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. तेव्हा कर आणि पोट यांची गाठ कुठे पडते हे पाहणे या मालेच्या कुळाचाराविरुद्ध होणार नाही, अशा भरवशावर आम्ही उभे आहोत.

आमची पात्रता आधीच सांगून टाकतो. आम्ही डॉक्टर नाही, वकील नाही, हिशेबतपासनीसही नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि रद्दीच्या भावात घेतलेल्या कायद्याच्या पुस्तकांत झाले. अशा शिक्षणात एक मोठा दोष राहतो. माणसाला कलम पाठ होते आणि त्याखालचा नियम वाचायचा राहून जातो. हा दोष आम्हाला आणि आमच्याहून अधिक दुसऱ्या एका माणसाला कसा भोवला, तेथूनच आरंभ करतो.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या युनियनचा एक सभासद, हुद्द्याने फिटर, एका संध्याकाळी कापडी पिशवी घेऊन कचेरीत आला. पिशवी त्याने टेबलावर उपडी केली. आत बिले होती. पिठाची बिले, बिस्किटांची बिले, एका घरघंटीची पावती, आणि मुंबईच्या एका इस्पितळाचा कागद. म्हणाला, "भाऊ, पोरीचं खाणं म्हणजेच पोरीचं औषध असं डॉक्टर सांगतात. मग टॅक्समध्ये हे औषध धरतील का?"

त्याची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. वाढ खुंटलेली, पोट फुगलेले, अंगात रक्त नाही. दोन वर्षे जंताची औषधे झाली, काविळीची झाडपाल्याची औषधे झाली. अशक्तपणा जावा म्हणून बाप दरमहा ताकदीची पावडर आणून दुधातून पाजत होता. पुढे मुंबईस निदान झाले सीलिॲक या रोगाचे. गहू, सातू आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. या रोग्याने ते खाल्ले की त्याच्या शरीराची संरक्षक फौज त्याच्याच आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूस अन्नरस शोषणारी जी लव असते ती झडते, आणि माणूस भरल्या ताटावर उपाशी राहतो. ताकदीच्या पावडरीत सातूचे माल्ट होते. म्हणजे बाप पोटाला चिमटा घेऊन पोरीसाठी जे आणत होता, तेच तिला बाधत होते. हे सांगताना तो फिटर आमच्याकडे बघत नव्हता, पावत्या सरळ करीत होता.

या रोगावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. जन्मभर ग्लुटेन वर्ज्य करणे हाच उपचार. हे ज्ञान फार जुने नाही. हॉलंडमधला विलेम डिके हा बालरोगतज्ज्ञ गव्हावर संशय धरून होताच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि सारा देश खंगत असताना ही ठरावीक मुले मात्र सुधारू लागली. पुन्हा पाव आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिकेने आपला प्रबंध लिहिला. भुकेच्या साली ज्यांची तब्येत सुधारली अशी ही जगावेगळी मुले!

आता आपण म्हणाल, हमरापुरात याची काय मातब्बरी? आपले मुख्य अन्न तांदूळ. भाकरी तांदळाची, घावन तांदळाचे. गणपती घडवणाऱ्या या गावाला दुसरीही एक गोष्ट सांगायला नको: आपला उकडीचा मोदक तांदळाच्या पिठाचा, त्यात ग्लुटेन नाही. घाटावरचा तळणीचा मोदक गव्हाचा, तो या मुलीला वर्ज्य. त्या फिटरच्या आईने हेच म्हटले होते, "पोरीला भाकरी सोसते, तर भाकरीच द्या. यात डाक्तर कशाला?"

म्हातारीचे बोलणे तीन चतुर्थांश खरे होते. उरलेल्या चतुर्थांशात सगळा खर्च आहे. तांदूळ घरचा असला तरी तो दळायचा कुठे? गावच्या गिरणीत आधीचा डबा गव्हाचा असतो. जात्याच्या पाळ्यांत अडकलेले पीठ पुढच्या डब्यात येते. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असेल तर त्याला 'ग्लुटेनमुक्त' म्हणता येत नाही. वीस मिलिग्रॅम म्हणजे चिमटीत धरता येणार नाही इतके. मग एक तर घरघंटी घ्या, नाही तर पाकीटबंद पीठ आणा. बाजारच्या हिंगाच्या डबीत बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणून हिंग वेगळा. शाळेत सगळी मुले दहा पैशांच्या जागी आता पाच रुपयांचा बिस्किटपुडा खातात. हिचा पुडा वेगळा, आणि त्याची किंमत ऐकून दुकानदारही हसतो. सरकारी कराचीही यात एक गंमत आहे. सुटे पीठ घेतले तर जीएसटी नाही. पण १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या पिठावर पाच टक्के कर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार चपातीवरचा कर शून्य झाला. म्हणजे जी चपाती ही मुलगी खाऊ शकत नाही ती करमुक्त, आणि जे पीठ तिला दुकानातून बंदच घ्यावे लागते त्यावर कर. कोणी मुद्दाम केले असे आमचे म्हणणे नाही. ही मुलगी कर ठरवणाऱ्यांच्या नजरेसमोर नव्हती, इतकेच.

असो. पिशवीकडे वळू. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने कायद्याचे पुस्तक काढले. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ८० डीडीबी नावाचे कलम होते. ठरावीक रोगांच्या औषधोपचारासाठी प्रत्यक्ष केलेला खर्च उत्पन्नातून वजा मिळे: मर्यादा ४०,००० रुपये, रोगी ज्येष्ठ नागरिक असेल तर एक लाख. आम्ही फिटरला म्हटले, "हे बघ, तज्ज्ञ डॉक्टरांचा कागद आहे, बिले आहेत, भर." त्याने भरले. परतावा आला. त्याने पेढे आणले, आणि आम्हीही ते खाल्ले. पुढे खात्याची विचारणा आली, वजावट नामंजूर झाली, आणि त्याला कर व्याजासकट परत भरावा लागला. खात्याची यात चूक नव्हती. चूक आमची होती. कलम वाचले, पण त्या कलमाखाली '११ डीडी' हा नियम असतो आणि त्यात रोगांची यादी असते, ती आम्ही वाचलीच नाही. यादीत कर्करोग, पूर्ण विकसित एड्स, मूत्रपिंडे कायमची निकामी होणे, हिमोफिलिया, थॅलेसिमिया आणि ठरावीक मज्जारोग आहेत. सीलिॲक नाही. मधुमेह नाही. क्षयही नाही. व्याजाची रक्कम आम्ही आमच्या खिशातून देऊ केली. त्याने घेतली नाही. त्याने घेतली असती तर बरे झाले असते, असे आम्हाला आजही वाटते.

त्या दिवसापासून आम्ही हा विषय धरला. कायदा असा का, हे आधी समजून घेतले पाहिजे. आपल्या देशात प्राप्तिकर आणला जेम्स विल्सन याने, जुलै १८६० मध्ये. सत्तावनच्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरायला. तेव्हापासून कराचे एक तत्त्व कायम आहे: कमाई करण्यासाठी जो खर्च होतो तो वजा, जगण्यासाठी जो होतो तो वजा नाही. कारखानदार यंत्राला तेल घालतो ते खर्चात धरतात. कामगार पोटात तेल घालतो ते त्याचे खासगी. ज्येष्ठ वकील आणि माजी कायदेमंत्री शांतिभूषण यांनी या तत्त्वाची मोठी मौजेची परीक्षा घेतली. त्यांच्या हृदयावर परदेशात शस्त्रक्रिया झाली. त्यांचे म्हणणे असे की, माझे हृदय हे माझ्या वकिलीचे यंत्र आहे, सबब हा खर्च यंत्राची दुरुस्ती म्हणून धरावा. खटला चालत राहिला आणि २०११ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला. हृदय यंत्र असते तर ते मालमत्ता म्हणून हिशेबाच्या वह्यांत दिसायला हवे होते, असाही मुद्दा निघाला. एवढा मोठा कायदेपंडित जिथे हरला, तिथे आमच्या फिटरच्या आतड्याचे काय चालणार? तरी आमच्या मनात एक विचार राहून गेला. हृदय ताळेबंदात नाही हे खरे. पण ते बंद पडले तर दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर रेघ कोण ओढतो?

बरे, आजाऱ्याचे अन्न हे औषध आहे, हे सरकारला ठाऊकच नाही काय? ठाऊक आहे. ठिकठिकाणी त्याने ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. फेब्रुवारी २०१८ च्या एका परिपत्रकात सांगितले की, इस्पितळात दाखल असलेल्या रोग्यास डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्याने दिलेले अन्न हा उपचाराचाच भाग आहे, त्यावर वेगळा जीएसटी नाही. म्हणजे खाटेवर पडलेल्या माणसाची पेज ही चिकित्सा, आणि तोच माणूस घरी येऊन ओसरीवर बसला की तीच पेज किराणा.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. काही बालके जन्मतःच अशी असतात की त्यांना साध्या अन्नातली प्रथिने पचवून निकालात काढता येत नाहीत. फिनाइलकीटोन्युरिया हा त्यांतला एक रोग. नॉर्वेच्या फोलिंगने तो १९३४ साली ओळखला, आणि इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या इस्पितळात बिकेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पन्नाशीच्या आरंभी खास आहाराने एका मुलीवर उपचार करून दाखवला. अशा मुलाला डाळ, दूध, मासळी मनसोक्त देता येत नाही. भातही मोजून. वेगळी पावडर लागते, ती बहुधा परदेशातून येते, आणि वेळेवर मिळाली नाही तर मेंदूचे कायमचे नुकसान होते. आपल्या २०२१ च्या दुर्मिळ रोगांच्या राष्ट्रीय धोरणात केवळ खास आहाराने ताब्यात राहणाऱ्या रोगांचा वेगळा गट आहे. आणि १ एप्रिल २०२३ पासून केंद्र सरकारने या धोरणातील रोगांसाठी स्वतःच्या वापराकरता आयात होणारी औषधे आणि 'विशेष वैद्यकीय प्रयोजनाचे अन्न' यांवरचे मूळ सीमाशुल्क पूर्ण माफ केले. यासाठी आरोग्य संचालकांचा किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला लागतो. आपल्या जिल्ह्यात म्हणजे अलिबागेस जायचे. ज्या घरात असे मूल असेल त्यांनी हे कानाला खडा लावून लक्षात ठेवावे. मुंबईचे केईएम हे या धोरणाखालच्या केंद्रांपैकी एक आहे.

तिसरे उदाहरण क्षयाचे. कामगार चळवळीतल्या माणसाला या रोगाची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. आम्ही उमेदवारीत असताना शिशाचे खिळे जुळवणाऱ्या छापखान्यांत कामगार रोज दुधाची मागणी करीत, आणि मालक हसत की 'हा कारखाना आहे, गोठा नव्हे.' एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत क्षयरोग्याच्या बँकखात्यावर उपचार चालू असेपर्यंत दरमहा ५०० रुपये आहारासाठी येऊ लागले, आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. शास्त्रानेही याला पाठबळ दिले आहे. झारखंडात झालेल्या एका मोठ्या पाहणीत क्षयरोग्याच्या घरच्या माणसांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे दिली. २०२३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांत हे अन्न पोचले तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. तांदूळ आणि डाळीने! छापखान्यातले ते दूध आठवले की आम्हाला आजही त्या हसण्याचा राग येतो.

म्हणजे जकातीच्या नाक्यावर अन्न औषध झाले, इस्पितळात झाले, क्षयाच्या खात्यात झाले. फक्त प्राप्तिकराच्या कागदावर ते झाले नाही. तिथे शब्द आहे 'औषधोपचार'. गंमत अशी की, शेजारचेच कलम ८० डीडी पाहा. घरातल्या अपंग अवलंबितासाठी ७५,००० रुपये, आणि अपंगत्व ८० टक्के वा अधिक असेल तर १,२५,००० रुपये वजावट. त्या कलमाच्या शीर्षकातच पोषणाचा, सांभाळाचा उल्लेख आहे. आणि रक्कम ठोक असल्यामुळे पिठाचे किती आणि गोळ्यांचे किती, हा तंटाच उरत नाही. तेव्हा कायद्याला हे जमत नाही असे कोणी म्हणू नये.

परदेशात कसे करतात? आपल्या भागातले गणपती समुद्र ओलांडून जातात, हे आपण जाणता. एका कारखानदार मित्राचा भाचा कॅनडात असतो. त्याच्या मुलालाही हाच सीलिॲक. सुटीवर आला तेव्हा आम्ही त्याला दोन तास धरून बसवले. त्याने सांगितले आणि पुढे आम्ही पडताळून पाहिले ते असे: कॅनडाच्या प्राप्तिकर कायद्यात सीलिॲकच्या रोग्याला ग्लुटेनमुक्त पदार्थांचा वाढीव खर्च वैद्यकीय खर्चात धरता येतो. वाढीव हा शब्द महत्त्वाचा. साधा पाव समजा अमुक किमतीला, आणि रोग्याचा पाव तमुक किमतीला. मधला फरक तेवढाच धरायचा. तोही रोग्याने स्वतः खाल्लेल्या भागापुरता. घरच्या इतरांनी त्यातला तुकडा मोडला तर तो हिशेबात नाही. डॉक्टरांचे पत्र हवे, पावत्या हव्यात, आणि प्रत्येक पदार्थाचा तक्ता हवा. अमेरिकेतही तत्त्व तेच: डॉक्टरांनी सांगितलेला खास आहार नेहमीच्या आहारापेक्षा जेवढा महाग, तेवढाच खर्च धरायचा. त्या भाच्याची बायको वही ठेवते. डावीकडे साधी किंमत, उजवीकडे यांची किंमत, शेवटी फरक.

ही वही पाहून आम्हाला जुन्या मित्राला भेटल्यासारखे झाले. महागाई भत्ता म्हणजे तरी दुसरे काय? काल जे एवढ्याला मिळत होते त्याला आज एवढे पडतात, मधला फरक द्या. आमची सारी हयात या मधल्या फरकासाठी भांडण्यात गेली. पण आजारी माणसाच्या ताटातला फरक आम्ही कधी मागितला नव्हता. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे माप ठरवले: माणशी २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, इंधन-दिवाबत्ती वगैरेंस वीस टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के जोडायला सांगितले. ती कंपनी औषधे आणि आहाराचे खास पदार्थच बनवणारी होती. रोग्यांचे अन्न बनवणाऱ्या कामगारांनीच औषधपाण्याचा हिशेब वेतनात आणून ठेवला. पण त्या २,७०० उष्मांकांना चेहरा नाही. ते गव्हाचे की तांदळाचे, सुट्या पिठाचे की पाकिटातल्या, हे कोणी विचारले नाही.

मग आमच्या युनियनमध्ये वाद झाला. डोलवी, नागोठणे, थळ, रसायनी या पट्ट्यात आज असे तरुण कामगार आहेत की जे ओव्हरटाइम धरून चांगला कर भरतात. त्यांचे म्हणणे, कॅनडासारखी वजावट मागा. जुन्या मंडळींचे म्हणणे, हे बाबूलोकांचे दुखणे, आपले नव्हे. आम्ही फळ्यावर एक हिशेब मांडला. समजा, रोग्याच्या खाण्याचा फरक महिन्याला दीड हजार, म्हणजे वर्षाला १८,०००. समजा, तो पूर्ण वजा मिळाला. जुन्या पद्धतीच्या दरांनी तीस टक्क्यांच्या पायरीवरच्या अधिकाऱ्याचे उपकरासह ५,६१६ रुपये वाचतील. वीस टक्क्यांच्या पायरीवरच्या आमच्या फिटरचे ३,७४४ वाचतील. आणि येथे हमरापुरात गणपतीच्या कारखान्यात दिवसभर डोळ्यांची आखणी करणारी जी बाई कर भरण्याइतकी कमावतच नाही, तिचे किती? शून्य. पोरीचे आतडे तेच, पीठ तेच, फरक तोच. ज्याच्या ताटात आधीच अधिक, त्याला सूट अधिक. हा हिशेब मांडल्यावर सभा बराच वेळ गप्प होती.

त्यात आणखी एक भर. २०२३-२४ पासून कराची नवी पद्धत ही मुळातली पद्धत झाली. तिच्यात दर कमी, पण ८० डीडी, ८० डीडीबी या वजावटी नाहीत. २०२५-२६ या वर्षापासून तिच्यात बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर पडत नाही. १९६१ चा कायदाही आता गेला. २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून आला आणि कलमांचे आकडे बदलले. लोकांच्या तोंडी जुने आकडे आहेत म्हणून आम्ही ते वापरतो. तात्पर्य असे की, बहुसंख्य कामगारांना वजावटीचा दरवाजा उघडा असला काय नि बंद असला काय, सारखेच.

मग वजावट मागूच नये काय? येथे आमचे मत जुन्या मंडळींहून वेगळे पडले. मागावी, पण ती पैशांसाठी मागू नये. कायद्यात एकदा 'आहार' हा शब्द उपचार म्हणून लिहिला गेला की तो दुसऱ्या कागदांवर नेता येतो: विमा योजनेच्या, कंपनीच्या वैद्यकीय नियमांच्या, करारांच्या. आणि पैसा मागायचा तो इटलीसारखा. इटलीत २००५ च्या कायद्याने सीलिॲकच्या रोग्याला दरमहा ठरावीक मर्यादेपर्यंत ग्लुटेनमुक्त पदार्थ सरकारी आरोग्यसेवेच्या खर्चाने मिळतात. तिथे त्याची कमाई किती, हा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे क्षयाच्या रोग्याला जसा खात्यावर पैसा येतो, तसाच मार्ग या रोग्यांना का नसावा? रेशनच्या दुकानावर जिथे गहू देता, तिथे डॉक्टरांचा दाखला दाखवणाऱ्याला त्या गव्हाऐवजी तांदूळ किंवा नाचणी द्या, ही मागणी तर इतकी साधी आहे की तिला वेगळ्या पैशांचीही फारशी गरज पडू नये.

एका कारखान्याच्या गेल्या करारात आम्ही एक ओळ घालून घेतली. 'डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आहाराचा साध्या आहाराहून होणारा जादा खर्च' वैद्यकीय भरपाईत धरला जाईल, वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंत. या एका ओळीसाठी चार बैठका झाल्या. व्यवस्थापनाचा माणूस म्हणाला, "उद्या हे लोक काजू-बदाम लिहून आणतील." आम्ही कॅनडाच्या वहीचा तक्ता त्याच्यापुढे ठेवला. पावती, दाखला, साधी किंमत, रोग्याची किंमत, फरक. फरकात काजू कुठे बसतात ते दाखवा, म्हटले. तो तक्ता त्याने घरी नेला, आणि पुढच्या बैठकीत सही झाली. पुढे कळले की त्याच्या स्वतःच्या सासऱ्यांना डायलिसिस चालू होते, आणि त्यांच्या जेवणाचे पोटॅशियम-मीठ मोजता मोजता घर हैराण झाले होते. विजय पुरता झाला असे मात्र नाही. वैद्यकीय भरपाईत पूर्वी वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत करमाफी असे, ती २०१८-१९ पासून गेली. त्यामुळे आमच्या करारातून मिळालेला हा फरक पगारात धरला जातो, आणि ज्याला कर लागतो त्याला त्यावरही लागतो. डाव्या हाताने मिळवले त्यातले थोडे उजव्या हाताने गेले. तरी मिळवले.

आता कामाचे चार शब्द. मूत्रपिंडे निकामी झालेला रोगी घरात असेल आणि आपण जुन्या पद्धतीने कर भरत असाल, तर औषधोपचार, डायलिसिस यांची वजावट जरूर मागा. तज्ज्ञ डॉक्टरांचे नाव, नोंदणीक्रमांक आणि रोगाचे नाव असलेला कागद घ्या. विमा कंपनीने किंवा मालकाने दिलेले पैसे त्यातून वजा करा. त्यात पिठाची, पावडरीची बिले घुसडू नका. आमच्या फिटरचे काय झाले ते ऐकलेत. कोणती पद्धत फायद्याची, हे दरवर्षी दोन्हींनी हिशेब मांडून पाहा. शेजाऱ्याने जी घेतली ती आपल्याला चालेलच असे नाही. आणि वजावट मिळो न मिळो, फरकाची वही आजपासून ठेवा. मागणी करायला गेलो की पहिला प्रश्न येतो, 'किती लोक, किती खर्च?' त्याला आमच्याकडे आज उत्तर आहे फक्त एका पिशवीएवढे.

ती मुलगी आता उंच झाली आहे, बारावीला आहे, आणि तिची वही ती स्वतःच लिहिते. गेल्या महिन्यात तिने आमची एक बेरीज चुकलेली दाखवली. उद्या सकाळी नऊ वाजता याच मंडपात आम्ही आणि ती बसणार आहोत. तिने वहीचे तक्ते आखून आणले आहेत. ज्यांच्या घरी पथ्याचे ताट वेगळे वाढले जाते, मग रोग कोणताही असो, त्यांनी डॉक्टरांचा कागद आणि गेल्या महिन्याच्या पावत्या घेऊन यावे. पावत्या हरवल्या असतील तर दुकानदाराचे नाव तरी आठवून यावे.